‘द फिफ्थ चाइल्ड’ वाचून आमच्या मंडळात वाजले. आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या फोंड्यातले एक वाचक मंडळ महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमते. या वेळी डोरिस लेसिंग यांची ‘द फिफ्थ चाइल्ड’ ही इंग्रजी कादंबरी घेतली होती. संयोजक ताईंनी ‘तुमच्या मते चूक कोणाची?’ असे विचारून सुरुवात केली आणि तासाभरात बैठक बिनसली. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, आईने त्या पोराला कधी मायेने जवळ घेतले नाही, मग दुसरे काय होणार? एक गृहस्थ म्हणाले, काही मुले जन्मतःच तशी असतात, उगाच आईला बोल लावू नका. एकीच्या बहिणीच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. तिने पुस्तक बाजूला सारले आणि म्हणाली, हे माझ्या बहिणीच्या हाती पडू नये. घरी तान्हे बाळ असलेली एक तरुण सभासद काही न बोलता उठून गेली. एकाला पुस्तक फार आवडले होते, पण तो शेवटपर्यंत गप्प राहिला आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितले. ताई विचारतात: निवड चुकली का? असली पुस्तके मंडळात घ्यावीत का? पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा काढावा, की काहीतरी हलकेफुलके घेऊन तो मागे टाकावा?

ताई, निवड चुकलेली नाही. भांडण लागले ते पहिल्या प्रश्नामुळे. ‘चूक कोणाची’ हा प्रश्न या कादंबरीतली माणसेच एकमेकांना विचारत असतात. डॉक्टर विचारतो, सासरचे विचारतात, नवरा तोंडाने न बोलता विचारतो. वाचकही तोच प्रश्न घेऊन शेवटच्या पानावर पोचतो. बैठकीत तो मोठ्याने विचारला की पुस्तक मिटते आणि माणसे न्यायनिवाड्याला बसतात. त्यातून फोंड्यासारखे गाव. इथे कुणाच्या घरी काय चालले आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. ‘आई अशी असते का’ असे कुणी म्हटले की निदान दोन बायकांना ते आपल्यालाच म्हटल्यासारखे वाटते, आणि बाकीच्यांची नजरही नकळत तिकडे जाते. मोठ्या शहरात अनोळखी वाचक जमतात तिथे ही अडचण एवढी येत नाही. आपल्याकडे ती धरूनच चालावे लागते.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. 1988 मध्ये ही कादंबरी आली. जेमतेम दीडशे पाने, आणि त्यात प्रकरणे पाडलेली नाहीत. श्वास घ्यायला जागाच नाही, आणि वाचकाच्या अस्वस्थतेचा बराच भाग तिथूनही येतो. हॅरिएट आणि डेव्हिड हे साठच्या दशकातले इंग्लिश जोडपे. त्यांना भरपूर मुले हवीत, मोठे घर हवे. ते ऐपतीबाहेरचे जुने घर घेतात, हप्ते डेव्हिडचे श्रीमंत वडील भरतात, आणि मुलांचे करायला हॅरिएटची आई येऊन राहते. ईस्टर-नाताळला घर नातेवाइकांनी भरून जाते. पाठोपाठ चार मुले होतात. पाचव्या वेळी पोटातले बाळ इतके आदळआपट करते की हॅरिएट गुपचूप झोपेच्या औषधांवर दिवस काढते. बेन जन्मतो तो अवाढव्य, ताकदवान, कुणाच्याच कुशीत न मावणारा. भावंडांना त्याची भीती वाटते, पाहुणे यायचे थांबतात. शेवटी घरची वडीलधारी मंडळी त्याला दूरच्या एका संस्थेत पाठवतात. हॅरिएट एकटी गाडी चालवत तिथे जाते, तिथले दृश्य पाहते आणि त्याला परत घेऊन येते. त्यानंतर घर मोडते. एकेक मूल आजी-आजोबांकडे किंवा दूरच्या शाळेत निघून जाते.

आता तुमच्या शिक्षिका आणि ते गृहस्थ. दोघांनाही पुस्तकात पुरावे सापडतील, आणि दोघांचेही पुरावे एकाच माणसाकडून आलेले आहेत. आपण बेनला जवळजवळ सगळा हॅरिएटच्या डोळ्यांनी पाहतो. तो जन्मल्याबरोबर तिला भुतासारखा, राक्षसासारखा दिसतो. पुढे तर तो माणसाच्या आधीच्या कुठल्यातरी जातीतून इथे येऊन पडला आहे असे तिला वाटू लागते. बेनला स्वतःला काय वाटते हे पुस्तक सांगत नाही. म्हणून पुढच्या वेळी प्रश्न असा विचारा: अमुक पानावर बेनने प्रत्यक्ष काय केले, आणि हॅरिएटला काय वाटले? कागदाच्या दोन बाजू करा, एकीकडे केलेले, दुसरीकडे वाटलेले. घरात कुत्रा मरतो ती जागा घ्या. तिथे कुणी काय पाहिले आणि कुणी काय गृहीत धरले, एवढेच शोधायला सांगा. ज्यांचे भांडण झाले ते दोघे एका पानावर डोके घालून बसतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. मत बदलत नाही, पण आवाज खाली येतो आणि बोलणे पुस्तकाला धरून होते.

आणखी एक जागा आहे, ती घाईने वाचणाऱ्याच्या हातून निसटते. माझ्या मते सगळ्या कादंबरीची किल्ली तिथे आहे. हॅरिएटची बहीण सारा, तिची मुलगी एमी, आणि एमीला डाउन सिंड्रोम आहे. बेनच्या कितीतरी आधी, स्वतःची मुले धडधाकट असताना, हॅरिएट नवऱ्याजवळ खाजगीत म्हणते की हे काही निव्वळ दुर्दैव नाही. सारा आणि तिचा नवरा सतत भांडतात, दुःखी असतात, त्यातूनच असे मूल त्यांच्या वाट्याला आले असावे. डाउन सिंड्रोम होतो तो 21 व्या गुणसूत्राची एक जादा प्रत आल्याने. आईबापांच्या भांडणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण हॅरिएट ते बोलून जाते, आणि पुढे तोच न्याय जग तिला लावते. तुमच्या शिक्षिकेने हॅरिएटबद्दल जे म्हटले तेच हॅरिएटने साराबद्दल म्हटले होते. हा उतारा बैठकीत कुणाकडून तरी शांतपणे वाचून घ्या आणि त्यावर लगेच काही बोलू नका. त्यातून काय घ्यायचे ते शिक्षिकाबाई स्वतःच समजून घेतील.

याच उताऱ्यामुळे मी तुमच्या त्या तिसऱ्या सभासदाच्या बाजूने ठामपणे उभा राहतो, जिने पुस्तक बाजूला सारले. अशा वेळी मंडळात एक फार वाईट सवय दिसते. ‘तिच्या घरचाच विषय आहे ना, म्हणून तिला लागले’ असे म्हणून तिचे म्हणणे भावनेच्या खात्यात टाकायचे आणि बाकीच्यांनी साहित्यावर बोलायचे. तिचे म्हणणे साहित्यावरचेच आहे. वेगळ्या जन्मलेल्या मुलाला राक्षस म्हणून रंगवणारी एक जुनी परंपरा सगळ्या भाषांत आहे, आणि ही कादंबरी तिच्यातच उभी राहते. लेसिंग त्या परंपरेवर बोट ठेवतात की तिचाच फायदा उचलतात, यावर जाणते वाचकही भांडतात. एमीला पुस्तकात सगळ्यांची माया मिळते हे खरे, पण तिच्यासाठी तिथे जो इंग्रजी शब्द येतो तो आज कुणी सभ्य माणूस तोंडातून काढत नाही. माझे स्वतःचे मत असे की बेनच्या शरीराची वर्णने लेखिका गरजेपेक्षा जास्त वेळा करते आणि तिथे पुस्तक कमी पडते. मोठ्या पुस्तकातही कमी पडणाऱ्या जागा असतात. तुमच्या सभासदाला पुढच्या बैठकीत पहिली दहा मिनिटे द्या. तिने ठरवून यावे, तिला हव्या त्या पानांवर बोलावे, आणि तिचे बोलणे संपेपर्यंत मध्ये कुणी ‘पण लेखिकेला तसे म्हणायचे नाही’ असे सुरू करू नये.

शिक्षिकेच्या बोलण्यात आणखी एक धागा होता, तुम्ही लिहिल्याप्रमाणे त्यांनी ‘माता कुमाता होत नाही’ असा दाखला दिला. आपल्याकडे हा दाखला येणारच. नवरात्रात म्हार्दोळ, कवळे, रामनाथी अशा कितीतरी ठिकाणी देवीपुढे हे वचन ज्यात आहे ते क्षमापनस्तोत्र म्हटले जाते आणि लहानपणापासून आपल्या कानांवर असते. पण ते म्हणणारा कोण आहे, हे जरा पाहावे. ते लेकराचे बोलणे आहे. मी चुकलो, मी वाया गेलो, तरी तू मला टाकू नकोस, अशी ती मुलाची याचना आहे. देवीने, म्हणजे आईने, स्वतःबद्दल तिथे काहीच सांगितलेले नाही. मराठीत आईवर जे थोर लिहिले गेले त्यातले बरेचसे असेच मुलाच्या बाजूने लिहिलेले आहे; साने गुरुजींच्या 1935 च्या ‘श्यामची आई’तही बोलणारा श्यामच आहे. त्या पुस्तकाचे मोल मला कमी करायचे नाही, ते माझ्याही घरात आहे. पण आईच्या मनात मुलाबद्दल भीती, किळस, कंटाळा येऊ शकतो हे आईच्या बाजूने ऐकायची आपल्याला सवय कमी. ‘द फिफ्थ चाइल्ड’ नेमके तेच ऐकवते, आणि आपल्या कानांना ते सोसत नाही.

सोसत नाही तेव्हा काय होते हे पुस्तकातच आहे. हॅरिएट बेनला एका तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे नेते. बाई त्याला तपासून सांगतात की अडचण बेनची नाही, तुमची आहे. तुम्हाला तो आवडत नाही. त्यावर हॅरिएट जे बोलते त्याचा मथितार्थ असा: माझी चार मुले हुशार, देखणी, नीट निपजली, त्याबद्दल आजवर मला कुणी शाबास म्हटले नाही, पाचवे असे निघाले तर मात्र ते माझे काम झाले. या एका प्रसंगावर अख्खी बैठक होऊ शकते. बापाबद्दल तर त्या खोलीत कुणी चकार शब्द काढत नाही. तुमच्या बैठकीतही डेव्हिडचे नाव किती वेळा निघाले, आठवून पाहा. संस्थेत पाठवायचे ठरते तेव्हा डेव्हिडचा हिशेब सरळ असतो, एक तर हा किंवा बाकीचे चौघे. तो हिशेब वाचताना मला त्याचा राग येत नाही, आणि तेच मला जास्त खुपते. पुरुष सभासदांना मुद्दाम डेव्हिडवर बोलायला सांगा.

ती उठून गेलेली तरुण सभासद. तिच्याकडे तुम्ही अजून गेला नसाल तर बैठकीच्या आधी जा, आणि पुस्तकाचा विषय तुम्ही काढू नका. बाळाला पाहायला जा, काहीतरी खाऊ घेऊन जा, ती झोपते का, जेवते का, घरी मदतीला कोण आहे हे विचारा. गोव्यातलाच एक अभ्यास आहे, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला. एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या 270 गरोदर बायकांपासून तो सुरू झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिले तेव्हा 23 टक्के आयांना नैराश्याने गाठलेले होते, म्हणजे जवळजवळ चौघींत एकीला. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्यावर घरच्यांचे उतरलेले चेहरे यांचा त्यात मोठा हात होता. हे आकडे आपल्या घराशेजारचे आहेत. तिला तसे काही झाले आहे असे मी इथे बसून म्हणणार नाही; कदाचित बाळाला पाजायची वेळ झाली असेल, एवढेच. पण तिला सारखे रडू येते, बाळाजवळ जायची भीती वाटते असे काही दिसले तर पुस्तकावर उपाय शोधत बसू नका. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा 14416 या क्रमांकावर आहे. घरी बोलायची चोरी असेल तर निदान तो फोन करता येतो.

यापुढे असे पुस्तक घेताना महिनाभर आधी दोन ओळींत सांगून ठेवा: यात गरोदरपण, मुलाला संस्थेत टाकणे, मुलाचे हाल असे प्रसंग आहेत. गोष्ट फुटेल म्हणून काही जण कुरकुरतील. कुरकुरू द्या. ज्याला त्या महिन्यात ते नको असेल त्याने कारण न सांगता रजा घ्यावी, आणि ‘का आला नाहीस’ असे त्याला कुणी विचारू नये.

आता बैठक कशी घ्यायची. या कादंबरीत एक मोठे टेबल आहे, घरातली सगळी माणसे त्याच्याभोवती जमतात. ते टेबल धरून पुस्तक पुन्हा चाळा. पहिल्या वर्षांत त्याच्याभोवती कोण कोण बसते, बेन झाल्यावर कोण येत नाही, नंतर कोण उरते, हे प्रत्येक सणाला मोजा. गोव्यातल्या वाचकाला हे समजवावे लागत नाही. चवथीला मूळ घरी यंदा कोण आले, कोण मुंबईहून निघालेच नाही, कोण गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाल्यावर संध्याकाळीच परतले, यावरून आपण अख्ख्या घराची तब्येत ओळखतो. टेबलाचा हा धागा धरला की चर्चा आई चांगली की वाईट यावरून सुटते आणि घर म्हणून काय मोडले यावर येते. नातेवाईकही आरोपी होतात, आणि ते व्हायलाच हवेत. मजेला आलेले सगळे, अडचणीला पाठ फिरवणारे सगळे.

त्यानंतर संस्थेतला प्रसंग मोठ्याने वाचा. तीन-चार पानेच आहेत. गुंगीच्या औषधाखाली, हात बांधून, घाणीत पडलेला बेन, आणि त्याला उचलून गाडीत घालणारी हॅरिएट. वाचणारा सावकाश वाचणारा हवा. इथे ‘तुम्ही असता तर काय केले असते’ हे विचारायचा मोह होईल, तो आवरा. त्याला कुणी खरे उत्तर देत नाही, प्रत्येक जण चारचौघांत शोभेल असे उत्तर देतो. त्याऐवजी विचारा: त्याला परत आणताना हॅरिएटला बाकीच्या चार मुलांचे काय होणार हे कळत होते का? ते कुठल्या वाक्यावरून कळते? मला स्वतःला ही कादंबरी इथे सगळ्यात मोठी वाटते. जे केल्यावाचून गत्यंतर नाही त्यानेच घर मोडते, आणि लेखिका वाचकाला यातून सुटायला फट ठेवत नाही. तुमचा तो फोन करणारा सभासद बहुधा याच पानांवर थांबला असेल. त्याला आधीच कळवून ठेवा की तुझे मत ऐकायचे आहे. भयंकर पुस्तक आवडले म्हणजे आपल्यात काही खोट आहे, अशी भीती त्याला वाटली असावी. ती पुष्कळांना वाटते.

चर्चा कोंकणीत गेली तर जाऊ द्या. आपल्या मंडळांत ललित वाचन मराठीत, पुस्तक कधी इंग्रजी, आणि जीव कळवळला की बोलणे घरच्या कोंकणीत. ‘अशी आवय आसता?’ (अशी आई असते का?) हे कुणी कळवळून म्हटले तर ते इतिवृत्तात तसेच लिहा.

एक गोष्ट मात्र पहिल्या अर्ध्या भागात येऊ देऊ नका: लेखिकेचे चरित्र. कुणीतरी मोबाइलवर पाहून सांगेलच की डोरिस लेसिंग यांनी पहिल्या लग्नाची दोन मुले वडिलांकडे ठेवून घर सोडले, आणि 1949 मध्ये दुसऱ्या लग्नाच्या मुलाला घेऊन ऱ्होडेशियाहून (आजचे झिंबाब्वे) लंडनला आल्या. हे खरे आहे. पण ते सुरुवातीला आले की सगळ्यांना सोपे उत्तर मिळाल्यासारखे होते. हॅरिएटची बाजू मागे पडते आणि खटला लेसिंगबाईंवर भरला जातो. शेवटी शेवटी ते जरूर सांगा, आणि सोबत हेही सांगा की 2007 मध्ये नोबेल देताना स्वीडिश अकादमीने त्यांना स्त्रीच्या अनुभवाची महाकाव्यकार म्हटले होते. दोन्ही एकाच बाईबद्दल आहे.

पुढच्या पुस्तकाचे विचारलेत. हलकेफुलके घेऊन विषय मागे टाकू नका. लोकांना ते कळते, आणि पुढे कुठलेही अवघड पुस्तक सुचवायला कुणी धजत नाही. याच गोष्टीचा पुढचा भाग लेसिंग यांनी 2000 मध्ये लिहिला, ‘बेन, इन द वर्ल्ड’. त्यात घर नाही, आई जवळजवळ नाही, तरुण झालेला बेन एकटा जगात फिरतो आणि वाचक त्याच्या जवळ जातो. पहिल्या पुस्तकाची ताकद त्याला नाही, असे माझे मत. पण तुमच्या मंडळातल्या ज्या दोघांचे जास्त वाजले त्यांना ते वाचावेसे वाटेल, आणि पुस्तक बाजूला सारणाऱ्या ताईंनाही कदाचित. सक्ती नको. या कादंबरीवरची दुसरी बैठक होऊ द्या, आणि ती संपल्यावर सगळ्यांच्या देखत विचारा.